सुमनमावशी डुप्लिकेट निघाल्या

सासरचे लोक मला कम्प्युटरमधला जाणकार समजतात, कारण मी चष्मा लावतो.

त्यामुळे सासूबाईंच्या एकसष्टीला टीव्हीवर सगळ्यांचे फोटो दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माझा फोन, बायकोचा फोन, मेहुण्याचा पेनड्राइव्ह, सगळं मी लॅपटॉपला जोडलं. लॅपटॉपने विचारलं, 'डुप्लिकेट फोटो वगळायचे का?' मी 'नाही' दाबलं. (आमच्या सासरी कुणाला वगळलेलं खपत नाही. एकदा पत्रिकेत इगतपुरीच्या आत्यांचं नाव राहिलं, तर त्या अजून आमच्या गल्लीतून जात नाहीत.)

झालं! प्रत्येक फोटो तीन-तीनदा आला. मेहुणीच्या लग्नात नवरदेव इतक्या वेळा घोड्यावर चढला, की घोड्याची कीव आली.

बायको म्हणाली, "अहो, एकसारखे दिसतात ते काढून टाका की."

मी बसलो पुसत. दोन सारखे दिसले की पहिला ठेवायचा, दुसरा उडवायचा.

देवळ्याच्या कुसुममावशी आणि सुमनमावशी या सासूबाईंच्या जुळ्या बहिणी. लग्नकार्यात साडीही सारखीच नेसतात. नवरा-नवरीबरोबर फोटोला एकेकट्या उभ्या राहतात, आधी कुसुममावशी, मग सुमनमावशी. पुसताना यातलं काहीही मला आठवलं नाही.

एकसष्टीला हॉल भरला होता, टीव्हीवर फोटो फिरत होते. बऱ्याच वेळाने सुमनमावशी हळूच म्हणाल्या, "जावईबापू, कुसुमच दिसती सारखी. मी काय लग्नाला आलीच नव्हती का?"

"अगं, तूच ती," कुसुममावशींनी समजूत घातली.

"मला माझं तोंड कळत नाय का?"

त्यांच्या ताटात श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं. मी सगळा प्रकार सांगून टाकला. मग सुमनमावशीच हसल्या. "आमच्या बापाला जन्मभर ओळखू आलं नाय, तुमचा काय दोष."

फोटो बायकोच्या फोनमध्ये होतेच. तिने ते पुन्हा घेतले. या वेळी डुप्लिकेटचा तो प्रश्न आला तेव्हा तिने मला शेजारी उभंही राहू दिलं नाही. सुमनमावशी टीव्हीवर आल्या आणि इकडे वाटी रिकामी झाली.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पण जावईबापू कुठंत?"

बायकोने शोधशोधून माझा एकमेव फोटो लावला. मीच काढलेला. मागे धूसर नवरी आणि अर्धा पडदा व्यापून माझा अंगठा.

सासूबाई निरखून बघत म्हणाल्या, "छान आलेत हो. नेहमीसारखेच."