कन्नडचं बारसं आणि माझी पाठ

लोक लडाखला जाऊन येतात, युरोप बघून येतात आणि मग त्यावर लिहितात. मी छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातून निघून कन्नडला गेले आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत आले. तरीही निघताना आमच्या घरी जी तयारी झाली ती बघून समोरच्या बाईंनी विचारलं, कुठल्या देशाला चाललात?

तयारीचं कारण माझी हाडं. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले आणि मनगट मोडलं. ते जुळून येतंय तोवर एक दिवस अर्धी बादली उचलताना पाठीत अशी कळ आली की बादली तिथंच राहिली आणि मी भिंतीला धरून. फोटो काढल्यावर कळलं की मणक्यातलं एक हाड खचलंय. डॉक्टर म्हणाले, ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. आतून हाड कसं विरळ होतं त्याचं चित्र त्यांनी दाखवलं. ते चित्र हुबेहूब अनारशासारखं जाळीदार होतं. एवढ्या गंभीर प्रसंगात मला भूक लागली, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी औषधं दिली, इंजेक्शन दिलं, व्यायाम शिकवले. चाला, उन्हात बसा, घरात कोंडून घेऊ नका, असं बजावलं. पुढं वाकून वजन उचलू नका, पाठीला हिसका बसू देऊ नका, हेही सांगितलं. यातलं 'नका' तेवढं आमच्या ह्यांच्या कानात शिरलं.

आमचे हे, म्हणजे मधुकरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर धरणाच्या भिंतींना कुठं चीर पडलीय का ते बघत हिंडले. आता त्याच नजरेनं माझ्याकडे बघतात. मी घरात चालू लागले की दोन्ही हात पसरून मागं मागं येतात. मी थांबले की थांबतात. एकदा मी मुद्दाम गर्रकन वळले, तर हेच खुर्चीवर आदळले.

त्यांना हसते खरी, पण घाबरले मीही होते, आणि चांगलीच घाबरले होते. भाजी आणायला जाणं बंद केलं. देवळात जाणं बंद केलं. बाहेर पडलेच तर नजर पायाखाली. वर्षभरात मी या ऐतिहासिक शहराचं दर्शन घेतलं ते असं: फरशा, खड्डे, केळीची सालं आणि लोकांच्या चपला. रात्री कुशीवर वळतानासुद्धा वाटायचं, आता काहीतरी मोडेल.

अशात कन्नडहून भाच्याचा फोन आला. प्रशांत माझ्या दादाचा एकुलता एक मुलगा. त्याला मुलगा झालेला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. प्रशांतला सख्खी बहीण नाही, म्हणून तो मान त्याच्या आत्याचा, म्हणजे माझा. "माझ्या कानात तूच कुर्र केलंस ना आत्या," तो म्हणाला, "मग याच्या कानात दुसरं कोण करणार?"

आता ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करते आणि नाव सांगते. त्याच क्षणी जमलेल्या सगळ्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. का घालतात ते मला ठाऊक नाही. पण घालतात, आणि मनापासून घालतात. प्रशांतच्या बारशाला शेजारच्या कौसाबाईनं घातलेला धपाटा अजून आठवतो. पुढचे काही दिवस मी पालथी झोपत होते.

मी फोनवर "येते" म्हणाले. 

मग तयारी सुरू झाली. पाठीला पट्टा, बसायला गादी, टेकायला उशी, रबरी तळव्यांच्या चपला. ह्यांनी मला न सांगता एक अटही ठरवली होती: मी नाव सांगायचं आणि धपाटे कुणी घालायचे नाहीत. तसा निरोप ह्यांनी माझ्या वहिनीला परस्पर पाठवून दिला होता. मला त्याचा पत्ता नव्हता.

सकाळी रिक्षा आली. ह्यांनी रिक्षावाल्याला आधीच माझ्या मणक्याची माहिती दिली. तो मागं वळून म्हणाला, "टेन्शन नक्को लेव आंटी, फुलां के जैसा लेके जाता मैं." त्यानं शब्द पाळला. इतका पाळला की आम्हाला सायकलवाले मागं टाकून गेले आणि बसस्टँडवर पोचेपर्यंत ठरवलेली एसटी निघून गेली.

दुसऱ्या गाडीत कंडक्टरनं उशी बघूनच आम्हाला पुढच्या बाकावर बसवलं. "मागं नका बसू मावशी, मागं लई आदळतंय." शेजारच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती. तिनं मला सोडून ह्यांना विचारलं, "काय झालंय वो बाईला?" हाडं ठिसूळ झालीत, असं ह्यांनी सांगताच अर्ध्या गाडीनं च्यक् च्यक् केलं. दौलताबाद येईपर्यंत मला डिंकाचे लाडू आणि उडदाचं घुटं (उडीद शिजवून घोटून केलेली आमटी) खायला सांगून झालं होतं. कुठल्याशा वेलीच्या काड्याही उगाळून घ्यायच्या होत्या. एका आजोबांनी तर सुनेच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हाची हकीकत सुरू केली. ती शेवटाला कुठं जाणार हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

त्यामुळं घाटातून वर जाताना डोंगर कसे दिसतात, खुलताबादची कमान कुठं लागते, हे माझ्याकडून ऐकायची अपेक्षा ठेवू नका. मी बघितलं ते गाडीच्या पत्र्यावर सांडलेलं शेंगांचं फोलपट आणि कुणाचा तरी भेगाळलेला पाय. गतिरोधक आला की हे आपला हात माझ्या छातीपुढं आडवा धरायचे आणि त्यांचा स्वतःचा गुडघा पुढच्या दांडीवर आपटायचा. वेरूळला बरीच गाडी रिकामी झाली. लेणी बघायला आलेली मुलं-मुली टणाटणा उड्या मारत उतरली. मला त्यांचा राग आला आणि हेवाही वाटला.

कन्नडला प्रशांत मोटरसायकल घेऊन आला होता. तिच्याकडे बघून ह्यांनी अशी काही मान हलवली की तो बिचारा मोटरसायकल तिथंच लावून आमच्याबरोबर चालत निघाला.

दादाचं घर बायकांनी भरलं होतं. वरणबट्टी (कणकेचे गोळे उकडून, तळून वरणाबरोबर खातात) आणि वांग्याच्या भाजीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. वहिनीनं दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला हाताला धरून आत नेलं. बैठकीत तुळईला पाळणा टांगलेला. त्याच्याजवळ एक खुर्ची, खुर्चीवर गादी, गादीवर लोड. बायकांनी मला बघून वाट मोकळी केली. नुसती बाजूला सरकून नाही, पदर सावरून, श्वास धरून. दुधाचं भरलेलं पातेलं घेऊन कुणी चाललं की सरकतात तशा.

कौसाबाई कोपऱ्यात बसली होती. केस पांढरे झालेले, पण दंड तेच, गोफण फिरवणारे. ती माझ्याकडे बघून हसली आणि लगेच दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. मला काही समजलं नाही.

बाळाला पाळण्याखालून वरून घेणं-देणं झालं. मला वाकायला नको म्हणून प्रशांतच्या बायकोनं बाळ माझ्या तोंडाशी आणून धरलं. तो इवलासा कान, त्यावरची मऊ लव. मी कुर्रर्र केलं आणि हळूच नाव सांगितलं, "ईशान." आणि अंग चोरून डोळे मिटले.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले. सगळ्या बायका हात आवरून माझ्याकडे बघत होत्या. कुणी हसलं नाही की ओरडलं नाही. बाळसुद्धा दचकलं नाही. वहिनी घाईघाईनं म्हणाली, "दाजींनी सांगितलंय ना, तुम्हाला हात लावायचा नाय. आम्ही सगळ्यांना बजावलंय." तेव्हा मला कौसाबाईचे मांडीखालचे हात समजले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईट वाटलं, रडूच आलं. मनगट मोडलं तेव्हाही असं रडू आलं नव्हतं. या घरात मी लहानाची मोठी झाले, या बायकांबरोबर फुगड्या घातल्या, आणि आज त्या मला हात लावायला भीत होत्या. आत्या म्हणून माझं नाव घेतलं, पण आत्या मानलं नाही, असं काहीतरी झालं. मी पदराचं टोक डोळ्याला लावलं.

आमचे हे खरं तर पुरुषांबरोबर ओसरीत बसायला हवे होते. पण ते चौकटीत उभे राहून नजर ठेवत होते. त्यांनी माझा चेहरा बघितला. एका क्षणात आत आले, बायकांच्या मधोमध माझ्या खुर्चीमागं उभे राहिले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हिच्या वाटचे मला घाला."

मग कुणीतरी फिसकन हसलं. जावई आपण होऊन पाठ देतोय, अशी संधी कन्नडला पुन्हा कधी आली असती? पहिला धपाटा वहिनीनं घातला, आणि माझ्या मते लग्नापासूनचे सगळे मानपान त्यात वसूल केले. मग जी झुंबड उडाली! बाळ टाहो फोडून रडायला लागलं, तेव्हा कुठं बारसं झाल्यासारखं वाटलं. कौसाबाईनं मांडीखालचे हात काढले, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका गं." त्या धपाट्याचा आवाज बाहेर ओसरीत ऐकू गेला, असं दादा नंतर म्हणाला.

हे "अगंगंगं" करून वाकले ते तसेच राहिले. कमरेत उसण भरली होती. त्यांना धरून भिंतीशी बसवलं, कुणी तेल आणायला पळालं. मी हसत होते. पोट दुखेपर्यंत हसत होते, आणि हसताना पाठीला हिसके बसताहेत हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

मग मी खुर्चीतून उठले आणि कौसाबाईपुढं पाठ करून उभी राहिले. "आता माझा," मी म्हटलं.

"अगं नको," हे भिंतीपासून ओरडले. उठायला गेले, पण उठता आलं नाही.

खरं सांगते, भीती गेली नव्हती. पट्ट्याच्या आत घामाची धार लागली होती. मनात त्या अनारशाचं चित्र. तरी आज पाठ दिली नाही तर जन्मभर अशीच काचेची होऊन राहीन, याची भीती जास्त होती.

कौसाबाई जवळ आली. माझ्या कानाशी म्हणाली, "भिऊ नको सुमे. भाकर बी थापतेच ना मी रोज, फाटू देती व्हय?"

पाठीवर हात पडला. थाप म्हणावी इतपतच, पण पाचही बोटं मला वेगवेगळी कळली. हात तिथंच राहिला, मग हळूच वरून खाली फिरला. काही मोडलं नाही. मी वळून तिच्या गळ्यात पडले आणि मनसोक्त रडून घेतलं. तिनंही डोळे पुसले आणि घुगऱ्या (बारशाला वाटतात ते उकडलेले हरभरे) माझ्या ओंजळीत भरल्या.

जेवणं झाली. बट्टी मी हवी तेवढी खाल्ली. हे पाटावरून उठू शकत नव्हते म्हणून त्यांना खुर्ची दिली. माझी खुर्ची, गादी आणि लोडासकट.

परतीच्या गाडीत पुन्हा पुढचा बाक मिळाला. उशी ह्यांच्या पाठीला, पट्टा ह्यांच्या कमरेला. शेजारच्या बाईनं मला विचारलं, "काय झालंय वो ह्यांना?" मी सविस्तर सांगितलं, आणि अर्धी गाडी हसली. ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. गतिरोधक आला की मी त्यांच्या छातीपुढं हात आडवा धरत होते. खुलताबादची कमान गेली. घाट उतरताना दौलताबादचा किल्ला समोर आला, उन्हं त्याच्या माथ्यावर होती. मी ह्यांना हलवून दाखवला. त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून त्यांच्या वाटचाही मीच बघितला.

घराशी रिक्षातून उतरलो तेव्हा दिवे लागले होते. हे गेटापासून दारापर्यंत कमरेवर हात ठेवून हळूहळू चालू लागले. त्यांचा तोल जाईल म्हणून मी दोन्ही हात पसरून मागं मागं. समोरच्या बाई गॅलरीतून बघत होत्या. दाराशी पोचल्यावर ह्यांनी मागं न बघताच विचारलं, "पायऱ्या नीट बघून चढलीस ना?"

मी पायऱ्यांकडे बघितलंच नव्हतं.