उजव्या हातातले दोन ब्रेक

कान्होजी भोइट्यांचे पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक कर्ता पुरुष संस्थानच्या फौजेत होता. कुणी भाल्याने जखमी झालं, कुणी गोळीने. कान्होजीचा डावा घोटा मोडला तो माधवगंजातल्या स्वतःच्या घराच्या जिन्यावर, हातात पाण्याची बादली असताना. आता हे सांगायचं कुणाला? त्यात हाड बसवणाऱ्याने घोळ घातला आणि घोटा कायमचा आखडला. चालताना पाय ओढावा लागे, आणि पंजा खाली दाबायला गेलं तर दाबलाच जात नसे.

मोडला तोही नेमका नको त्या वेळी. संस्थान नव्या मध्यभारत राज्यात विलीन झालेलं, फौजेची छाटणी चाललेली. कान्होजी पलटणीत मोटरसायकलवरून डाक पोचवायचा, म्हणून नव्या सरकारच्या एका कचेरीने त्याला कागदपत्रं नेण्याआणण्याच्या कामावर घेतलं होतं. गाडी सरकारी, लढाईच्या वेळची, पण राहायची त्याच्याच घरी. गियर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या. डाव्या पायाची बातमी कचेरीत पोचली असती तर नोकरी गेलीच म्हणायची. बरोबरीचे कितीतरी जण तसे घरी बसले होते. कुणी पानाचं दुकान टाकलं होतं, कुणी नुसतेच मिशांना पीळ देत ओट्यावर बसून असत.

"अहो, साहेबाला खरं सांगून का नाही टाकत?" बायको शांता म्हणाली. "बसून करायचं काम देतील काहीतरी."

"बादली घेऊन पडलो म्हणून सांगू?" कान्होजीने विचारलं.

तापाचं निमित्त सांगून त्याने रजा काढली होती. ती संपायच्या आत, शेजारच्या पोराकडून गाडी चालवून घेऊन तो दौलतगंजातल्या एका मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने पायाच्या ब्रेकचं जोडकाम सोडवलं आणि मागच्या चाकापासून हँडलपर्यंत तार ओढली. हाताचा जोर पायाएवढा नसतो, म्हणून चाकाजवळची, ब्रेक ओढणारी पट्टी बोटभर लांब केली. डाव्या मुठीशी क्लच होताच, तेव्हा नवा लिव्हर उजवीकडे, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरखाली बसला. पायाचा दांडा मात्र कान्होजीने होता तिथेच ठेवायला लावला. त्याला आता काहीच जोडलेलं नव्हतं, पण बघणाऱ्याला तो दिसायला हवा होता.

"अब दोनों ब्रेक एक ही हाथ में हैं, भाईसाहब," मिस्त्री म्हणाला. "ये हाथ मत छोड़ना।"

कान्होजीने मान हलवली. दुकानदाराच्या सूचनेला आपण हलवतो तशी.

आता जयसिंहरावांविषयी सांगायला हवं. ते कान्होजीच्या पलटणीचे कप्तान, आणि कान्होजीचे वडील त्यांच्या वडिलांच्या हाताखाली होते. जहागीर गेली, बग्गी विकली, तरी संध्याकाळी फेटा बांधून ते आपल्या ओट्यावर उभे राहत. पूर्वी त्या वाटेने जाणारा माणूस मुजरा केल्याशिवाय पुढे जात नसे. आता कुणी सायकलवरून नमस्ते म्हणे, कुणाला नेमकं त्याच वेळी पिशवीतल्या भाजीत काहीतरी बघायचं असे. एकटा कान्होजी तेवढा राहिला होता. गाडी हळू करायची, डावा पाय ब्रेकवर ठेवायचा, उजवा हात सोडून वाकून मुजरा करायचा, हे तो वर्षानुवर्षं करत आला होता. त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रजेनंतरच्या पहिल्याच संध्याकाळी तो उतारावरून वळला. जयसिंहरावांना तो बरेच दिवस दिसला नव्हता. त्याला बघून ते ओट्यावरून खाली उतरले. कान्होजीचा उजवा हात आपोआप वर गेला, तो बघून जयसिंहराव रस्त्यात पुढे आले. गाडी थांबेना. डावा पाय सवयीने दांड्यावर गेला, पण तो पाय मेलेला आणि तो दांडाही मेलेला. हात खाली येऊन लिव्हर सापडेपर्यंत म्हातारा रस्त्यावर आडवा झाला होता आणि फेटा गटाराच्या कडेला पडला होता.

जयसिंहरावांच्या खुब्याचं हाड मोडलं. चौकशीसाठी कचेरीतला साहेब स्वतः त्यांच्या घरी आला. ते माडीवर पलंगावर पडून होते आणि कान्होजी दाराशी भिंतीला टेकून उभा होता. गाडीत काही बिघाड होता का, हे साहेबाला हवं होतं. तेवढ्यात जयसिंहराव म्हणाले, "गलती हमारी थी। हम ही सामने आ गए।"

साहेबाने कान्होजीकडे पाहिलं. खरं सांगायला एका शब्दाचं काम होतं. कान्होजीने मान खाली घातली, आणि साहेबाला ते दुःख वाटलं. गाडी कुणी तपासलीच नाही.

त्यानंतर कान्होजी रोज संध्याकाळी माडीवर जाऊ लागला. पाणी देई, पाय चेपी, आणि न बोलता घरी येई. सांगायचं ठरवून जिना चढायचा आणि न सांगता उतरायचा. शांता काही विचारायची नाही, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटायची.

पुढे थंडी पडल्यावर जयसिंहराव काठी घेऊन पहिल्यांदा ओट्यावर आले. कान्होजीने गाडी लांबच थांबवली, उतरून चालत गेला आणि मुजरा केला. म्हाताऱ्याने तो सावकाश स्वीकारला.

"कान्होजी, पाय केव्हा गेला?"

कान्होजीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"रोज जिना चढत होतास ना," जयसिंहराव म्हणाले. "मला पडून दुसरं काम काय होतं? एक पाऊल वाजायचं आणि एक ओढलेलं ऐकू यायचं. मग एकदा नोकराला पाठवून गाडी बघून घेतली."

"सरकार, मी तेव्हाच सांगायला..."

"साहेबाला मी खोटं नाही सांगितलं. तुझा हात वर गेलेला बघितला आणि मीच पुढे आलो. मुजरा कुणी करत नाही रे आता." त्यांनी काठीने लांब उभी असलेली गाडी दाखवली. "पण यापुढे गाडीवरून मुजरा नको. नोकरी सांभाळ. हात खाली ठेव."

त्यांनी काठीने चार हाणल्या असत्या तर कान्होजीला बरं वाटलं असतं. त्याने पुन्हा मुजरा केला आणि गाडी चालू न करता ढकलत घरी नेली.

छप्पन साली राज्याची फेररचना झाली, कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि कान्होजी ग्वाल्हेरातच दुसऱ्या खात्यात बसून करायच्या कामावर लागला. त्याआधीच जयसिंहराव वारले होते. तरी जुनी सायकल घेऊन कान्होजी त्या वाटेने निघाला की वळणावर उतरे, रिकाम्या ओट्यासमोरून चालत जाई, आणि पुढे गेल्यावरच पुन्हा बसे. म्हातारपणी पाय अगदीच चालेना, तेव्हाही उतरे.

मराठी मंडळींत त्याचं फार कौतुक होतं. जहागिऱ्या बुडाल्या, माणसं बदलली, पण निष्ठा बघावी ती कान्होजींची, असं लोक मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत. ते कानावर पडलं की कान्होजी उठून आत जाई, आणि शांता आलेल्यांना सांगे की त्यांना बरं वाटत नाही.