एकाच खोलीचं माप

बांधकामावर सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंतीवर टाइल लावताना त्याची नजर ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ खाली उतरायची, आणि बोलणंही तसंच होतं, मध्ये कुठे वळण नाही. तो कधी हसायचाच नाही असं नव्हे, पण हसला तर तो दिवस लोकांच्या लक्षात राहायचा.

शाळेत असताना तो एकाच विषयात आपटला होता. इंग्रजी लेखनाचा पेपर. बाकी सगळे विषय सुटले, तो एक राहिला. त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले, आणि घरात कुणीतरी थापी उचलणं भाग होतं. ती त्याने उचलली. पुढे त्याच थापीवर धाकटा भाऊ शिकला, शिकवणीला गेला आणि तोच इंग्रजीचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झाला. ओळंब्याने तेव्हा त्याला नवीन सदरा आणला. तोंडाने मात्र काही बोलला नाही. धाकटा सदरा घालून दिवसभर त्याच्या मागेपुढे करत राहिला, दादा काहीतरी म्हणेल म्हणून. दादा सिमेंट चाळत होता.

धाकटाही पुढे त्याच कंपनीत आला, आधी सामानाच्या कोठीवर. मोठ्या हॉस्पिटलच्या कामाला सुपरवायझर नेमायची वेळ आली तेव्हा ओळंबा एका न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून कोपऱ्यातली टाइल बसवत होता. दार लोटलेलं होतं. बाहेर व्हरांड्यात इंजिनियर साहेब धाकट्याशी बोलत उभे होते. साहेबांचं म्हणणं, तुझ्या भावाला का नेमू नये? त्याच्याइतका चोख माणूस इथे दुसरा नाही.

“काम चोखच आहे साहेब,” धाकटा म्हणाला. “पण रिपोर्ट रोज इंग्रजीत लिहायचा. दादाला चार ओळी येत नाहीत. आणि आता शिकायचं वय गेलं त्याचं. त्याला फरशीच बरी.”

आत रबरी हातोड्याचा एक ठोका जरा जोरात बसला आणि टाइलला चीर गेली. ओळंब्याने ती काढली, खालचा सिमेंटचा माल खरवडला आणि नवीन टाइल लावली. त्या कामावर त्याच्या हातून फुटलेली तेवढी एकच.

सुपरवायझर धाकटा झाला. संध्याकाळी मिठाईचा खोका घेऊन घरी आला, दादाच्या पाया पडला आणि उभा राहिला. ओळंब्याने खोका बायकोकडे दिला आणि हात धुवायला गेला. धाकटा बराच वेळ दारात रेंगाळला, मग गेला. बायकोने विचारलं, एक शब्द बोलला असतात तर जीभ झिजली असती का? तो म्हणाला, मला त्याच्याशी बोलायचं आहेच. पण इंग्रजीत.

त्याच्या मनात बेत ठरला होता. कंपनीचा एक नियम होता. इमारत ताब्यात द्यायच्या आधी एका सुपरवायझरचं काम दुसऱ्याने तपासायचं आणि रिपोर्ट लिहायचा. ओळंब्याला धाकट्याची खुर्ची नको होती. त्याला धाकट्याच्या समोरची खुर्ची हवी होती. तिथे बसून त्याच्या कामावर रिपोर्ट लिहायचा, इंग्रजीत, आणि बरोबर चार ओळींचा. त्यासाठी आधी स्वतः सुपरवायझर व्हायचं, म्हणजे इंग्रजी येतं याचा पुरावा म्हणून शाळेचं प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्र अडलं होतं त्या एका पेपरावर. एकच विषय राहिलेल्यांना बाहेरून बसता येतं, ही चौकशी त्याने मिठाई संपायच्या आत करून ठेवली.

शिकवायला बाई मिळाल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघराची फरशी त्यानेच केली होती. बाईंनी आधी त्यालाच तपासलं. किती वेळ देणार? रोज, कामावर जायच्या आधी. आणि कंटाळा आला तर?

“रागाला कंटाळा येत नाही, बाई,” तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि उद्यापासून या म्हणाल्या.

मेहनत कशी असते ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सिमेंटने भेगाळलेल्या बोटांत पेन टिकायचं नाही, निसटायचं. त्याने पेनाला वायरची चिकटपट्टी गुंडाळून मूठ जाड केली. अक्षर आधी विटेएवढं यायचं, मग टाइलच्या सांध्याएवढं झालं. वाक्यं पाठ करायची पद्धतही त्याने आपल्या धंद्यातलीच काढली. फरशी बसवणारा आधी माल न लावता टाइल नुसत्या मांडून बघतो, तुकडे कुठे येतात ते पाहतो, आणि तुकडा असा सरकवतो की तो दाराच्या तोंडाशी न येता आत आडोशाला जावा. तसं त्याने टाइलच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, एकेका पट्टीवर एकेक वाक्य लिहिलं आणि जमिनीवर मांडून निबंध जुळवू लागला. लंगडं वाक्य मधोमध, ठणठणीत वाक्य सुरुवातीला आणि शेवटी. बाई हसल्या, पण मोडता घातला नाही.

पंचाईत वेगळीच निघाली. विषय कुठलाही असो, निबंधात धाकटा यायचा. आवडता प्राणी लिहायला सांगितला, तर याने कुत्रा लिहिला, आणि दुसऱ्याच परिच्छेदात तो कुत्रा खाऊ घालणाऱ्या हाताला चावला. मोबाइलचे तोटे लिहायला सांगितले, तर पहिला तोटा असा, की माणूस त्यावर मोठ्याने बोलतो आणि नवीन नोकरीची शेखी मिरवतो. बागेतला एक तास लिहिला, त्यात बाकावर एक कृतघ्न भाऊ बसलेला. पत्रांची तर गोष्टच नको. महापालिकेला तक्रार, दुकानदाराला तक्रार, शेजाऱ्याला तक्रार, आणि प्रत्येक तक्रारीतल्या माणसाला धाकट्याच्याच मिश्या.

बाईंनी एकदा लाल पेन खाली ठेवलं. “तुमचं इंग्रजी सुधारलं. आता मला सांगा, परीक्षकाने तुमचं काय बिघडवलंय? त्याला कशाला रोज तुमच्या भावाच्या हवाली करता?”

“दुसरं काही सुचत नाही, बाई.”

बाईंनी सांगितलं ते असं. तुम्ही सगळ्या टाइल एकाच खोलीच्या मापाने कापून ठेवल्या आहेत. परीक्षेत खोली कुठली मिळेल हे तुमच्या हातात नाही. विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. आपल्याला काय म्हणायचंय याची तिथे चौकशी होत नाही.

हे बोलणं त्याला लागलं, कारण असं काम करणाऱ्या पोराला त्याने स्वतः साइटवरून घरी धाडलं असतं. पण राग कापून ठेवलेला होता आणि हाताशी होता. नवीन कापायला त्याचा हात होईना. घरी बायको म्हणाली, “अहो, भावावर एवढं लिहिलंत. त्यातली एक ओळ माझ्यावर लिहिली असतीत, तर वाचायला म्हणून मी इंग्रजी शिकले असते.” ओळंबा पट्ट्या गोळा करत राहिला.

परीक्षेच्या वर्गात त्याचे गुडघे बाकाखाली मावेनात. आजूबाजूला पोरं, कुणी पेन चघळतंय, कुणी पाय हलवतंय. शेजारच्या मुलीने काका म्हणून वाट दिली आणि आपण पर्यवेक्षक आहात का विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं, तर ती बिचारी ओशाळली.

निबंध बरा गेला. मग पत्राचा प्रश्न आला. तो अनिवार्य होता आणि त्याला पर्याय नव्हता. तुमच्या धाकट्या भावाला नवीन नोकरी लागली आहे. त्याचं मनापासून अभिनंदन करणारं पत्र लिहा.

त्याने प्रश्न दोनदा वाचला. कुणीतरी वरून मुद्दाम काढला असावा असं त्याला वाटलं. पुठ्ठ्याच्या सगळ्या पट्ट्या डोळ्यांपुढे आल्या. कृतघ्न, दगाबाज, हात चावणारा. एकही लागू पडेना.

हा प्रश्न सोडला तर पास होणं अशक्य. पास नाही तर खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही तर तो चार ओळींचा रिपोर्ट नाही. म्हणजे धाकट्याचा सूड घ्यायचा तर आधी त्याचं अभिनंदन करायचं. ओळंब्याने दात ओठ खाल्ले.

आधी त्याने खोटा भाऊ उभा करून पाहिला. दुसऱ्या गावात राहणारा, दुसऱ्या धंद्यातला. पण त्या भावाबद्दल लिहायला काही नव्हतंच. भाऊ त्याला एकच माहीत होता. शेवटी त्याने पेन घट्ट धरलं आणि माल न लावता मांडणी करून पाहिली, मनातल्या मनात. धाकट्याबद्दल चांगलं काय सांगता येईल?

मग ते येऊ लागलं. तू लहानपणी टाइलच्या खोक्यावर बसून अभ्यास करायचास. धुळीने खोकायचास, पण उठायचा नाहीस. वडिलांना औषध तू वेळेवर द्यायचास, मला कधी आठवण करावी लागली नाही. तू कोठीवर होतास तेव्हा एक पोतं कधी भिजलं नाही. तुझा रिपोर्ट स्वच्छ असतो आणि साहेबांना एका वाचनात कळतो. तू पास झालास तेव्हा मी सदरा दिला, पण बोललो नाही. ते आज बोलतो. मला तुझा अभिमान आहे.

पान भरलं. वाक्यं साधी होती, पण एकही लंगडं नव्हतं. त्याने परत वाचून पाहिलं आणि त्याचे कान तापले. खोटं लिहावं लागलं असतं तर त्याला इतका राग आला नसता. सगळं खरं निघालं होतं. धाकट्याने इथेही त्याच्याकडून काम करून घेतलं होतं.

तो पास झाला. मार्क भरघोस नव्हते, पण पुरेसे होते. बाईंनी निकालाचा कागद हातात धरून विचारलं, पत्रात काय आलं होतं? त्याने सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या मोरीची एक टाइल सैल झाली होती, ती बसवून मगच तो निघाला.

इंजिनियर साहेबांनी त्याला शेजारच्या इमारतीवर सुपरवायझर नेमलं. धाकट्याने येऊन मिठी मारायला हात पुढे केले. ओळंब्याने हातात टेप धरली होती, ती तशीच मध्ये राहिली.

आणि मग तो दिवस आला. धाकट्याचं काम ताब्यात द्यायचं होतं, तपासायला ओळंबा. तो एकेका खोलीत गेला आणि थापीच्या मुठीने टाइलवर ठोके देत हिंडला. खाली माल नीट भरला असेल तर टाइल भरीव वाजते, नसेल तर पोकळ. धाकटा मागोमाग होता, रिपोर्टची वही काखेत आणि चेहऱ्यावर घाम. ओळंब्याला काही शोधून काढावं लागलं नाही. तळमजल्यावरच्या न्हाणीघराचा उतार उलटा होता, पाणी दाराकडे यायचं. वरच्या मजल्यावर काही टाइल पोकळ वाजल्या. बाकी काम बरं होतं. बरं असलेलं तो लिहिणार नव्हता.

एक खोली अजून बाकी होती, पण खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून त्याने तिथेच रिपोर्ट लिहिला. उतार उलटा आहे. या खोल्यांतल्या टाइल पोकळ आहेत. काढून पुन्हा बसवा. तोपर्यंत ताबा देऊ नये. चार ओळी, इंग्रजीत. खाली सही.

धाकट्याने कागद घेतला आणि वाचला. चूक काढायला काही नव्हतं, ना रिपोर्टात ना इंग्रजीत.

“व्हरांड्यात बोललो होतो ते तू ऐकलं होतंस,” तो हळूच म्हणाला.

“दार लोटलेलं होतं.”

“दादा, चुकलं माझं. पण या सबंध इमारतीत एक गोष्ट चांगली नाही झाली? एक शब्दसुद्धा नाही?”

“चांगले शब्द परीक्षेत संपले.”

“म्हणजे?”

“पत्र आलं होतं. धाकट्या भावाचं अभिनंदन करा. केलं. पान भरून.”

धाकट्याच्या हातातला कागद खाली आला. पास झाला तेव्हा नवीन सदरा घालून वाट बघत राहिला होता, तसाच तो उभा राहिला. “माझं? काय लिहिलंस?”

“खरं तेच लिहिलं. त्यावर पास झालो.”

“मग सांग ना. निदान दाखव तरी.”

“पेपर परत देत नाहीत,” ओळंबा म्हणाला. “ज्याने तपासला त्याने वाचलं. तुला मिळायचं नाही ते.”

त्याने थापी उचलली आणि तो शेवटच्या खोलीकडे वळला. मागे पावलं वाजली. धाकटा येत होता, कागद छातीशी धरून. ओळंबा गुडघ्यांवर बसला आणि कोपऱ्यापासून ठोके देत आला. पहिली टाइल भरीव वाजली, दुसरी भरीव, तिसरीही. सबंध खोलीत एकही पोकळ नव्हती, आणि सांधे दोरीत होते. असं काम त्याने स्वतःच्या हाताखालीही क्वचित पाहिलं होतं.

दारात धाकटा श्वास रोखून उभा होता. ओळंब्याने गुडघे झटकले आणि काही न बोलता त्याच्या शेजारून बाहेर पडला.