आष्ट्याचा पोहणारा जवान

साताऱ्याहून आमची जीप निघाली तेव्हा अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडाला होता. कौलं बदलताना छपरावरून पडून माझा मणका मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्यानंतर इस्पितळाखेरीज मी कुठेच गेलो नव्हतो. लघवीची जाणीवही उरली नव्हती. मूत्राशयात कायमची रबरी नळी होती आणि तिची पिशवी मांडीला बांधलेली. सारखा ताप येई. ‘मूत्रपिंडं जपा,’ असं डॉक्टर बजावत. अशात शाळेतल्या एका सहकाऱ्याने आष्ट्याच्या जवानाबद्दल सांगितलं. लढाईत पाठीत गोळी लागून तोही माझ्यासारखाच झाला होता, पण अंगात नळी न ठेवता हिंडत होता म्हणे. मला ते खरं वाटेना.

“बघून तर येऊ,” माझी पत्नी सुमन म्हणाली.

वाटेत पिशवी भरू नये म्हणून मी सकाळपासून पाणी टाळलं होतं. कऱ्हाड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला. मध्येच गुऱ्हाळाचा गोड धूर जीपमध्ये शिरला. इस्लामपूर येण्याआधी सुमनने पिशवी चाचपली. ती कोरडी होती. माझं पोट मात्र टणक झालं होतं आणि अंगात हुडहुडी भरली होती.

“अहो, नळी तुंबली!” ती म्हणाली. आष्टा आता जवळच होतं, म्हणून तिने चालकाला जीप दामटायला सांगितली.

जवान नारायणराव चाकांच्या खुर्चीत अंगणातच होते. माझा चेहरा पाहताच त्यांनी गावातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं. बाईंनी नळी काढली. तिच्या टोकाला चुन्यासारखा थर जमला होता. दुसरी, स्वच्छ नळी घालून त्यांनी मूत्राशय रिकामं केलं आणि तीही लगेच काढून घेतली. तापावर औषध दिलं.

“आवं मास्तर, पानी तोडलं तर गाळ साचनारच की,” नारायणराव म्हणाले. “पाटाला पानी खळाळतं पायजे. मी पानी लय पितो आन् ठरल्या वक्ताला सोताच्या हातानं नळी घालून लघवी काढतो, की नळी बी लगीच भाईर. लष्कराच्या दवाखान्यात शिकलो.”

मी बाईंकडे पाहिलं. “मलाही आधी पटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पण यांना तपासत आले आहे, मूत्रपिंडं ठीक आहेत. नळी उकळायची, हात साबणाने धुवायचे, वेळ चुकवायची नाही. जोर करायचा नाही. ताप आला की लगेच दवाखाना.”

रात्री बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि काकवी (गुळाआधीचा दाट पाक) असं जेवण झालं. मी तांब्याभर पाणी प्यायलो. झोपण्याआधी आणि पहाटे बाईंनी येऊन तसंच नळीने मूत्राशय रिकामं केलं.

सकाळी अंग हलकं वाटत होतं. नारायणरावांनी जीप कृष्णेवर घ्यायला लावली. घाटावर ते खुर्चीतून खाली उतरले आणि जाड घडी केलेल्या गोणपाटावर बसून, हातांच्या जोरावर, एकेक पायरी सरकत पाण्यात गेले. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. मग त्यांनी हात मारला. निर्जीव पाय मागे लव्हाळ्यासारखे लवत होते आणि खांदे पाणी कापत पात्राच्या मध्यापर्यंत गेले. धुणं धुणाऱ्या बायांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना ते रोजचंच होतं. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ज्या शरीराला मी पेटीत ठेवल्यासारखं जपत होतो, तसलंच शरीर समोर नदीत मोकळं खेळत होतं.

नारायणरावांच्या घरी परतल्यावर बाईंच्या देखरेखीखाली मी पहिल्यांदा नळी हातात घेतली.

“घाई नगं. सैल व्हा,” नारायणराव दाराआडून म्हणाले.

नळी हळूहळू आत सरकली आणि भांड्यात धार वाजली. बाहेर सुमनला तो आवाज ऐकू गेला असावा. ती एकदम हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला.

बाईंनी आम्हाला आणखी काही दिवस ठेवून घेतलं. माझा हात बसला आणि ताप फिरकला नाही, तेव्हाच त्यांनी जायला परवानगी दिली.

“आता कवा येनार?” नारायणरावांनी विचारलं.

“उन्हाळ्यात. पोहायला शिकवाल?”

“व्हय की!”

परतीच्या वाटेवर, कऱ्हाडला, कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात तिथे मी जीप थांबवायला सांगितली. सुमन दचकली. “काय होतंय?”

काहीच होत नव्हतं. बऱ्याच काळानंतर, केवळ बघावंसं वाटलं म्हणून मी कुठे तरी थांबलो होतो.