खळ्यातला खुंट

फुटबॉल खेळताना माझ्या मुलाची नडगी मोडली, त्याच संध्याकाळी हेडमास्तर संत्री घेऊन आले. पोरगा आपला आपण घसरला, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. तिथेच मला खटकलं.

गावातल्या हाडवैद्याने पाय बांधला, पण पाऊल बाहेर वळलेलं दिसत होतं. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं, आणि चूक शाळेची असेल तर शाळेने न्यावं, एवढंच माझं म्हणणं. हेडमास्तर म्हणत होते, चूक मुलाची. तेव्हा भोरला संस्थानी कारभार होता. आमचे हे त्याच नोकरीत, म्हणून गप्प. दीर वकील. ते म्हणाले, "वहिनी, खेळायला पाठवलंत म्हणजे पडणं कबूल केलंत."

"पडणं कबूल. पाय कशात अडकला, ते कुठं कबूल केलंय?"

पाय अडकला, असं मुलगा पहिल्यापासून सांगत होता.

सकाळी मी भोंगवलीच्या वाटेवरच्या त्या रानात गेले. शाळेने सामन्यासाठी ते एका शेतकऱ्याकडून मागून घेतलं होतं, आणि त्याचं खळं खेळाच्या जागेतच आलं होतं. मळणी संपून धान्य घरी गेलेलं, तरी खळ्याच्या मधोमध हातभर जागेवर माती चढवून ताजं सारवलेलं. मळणी झाल्यावर खळं कोण सारवतं? बोट रुतवलं, तर लाकूड लागलं. मळणीला ज्याच्याभोवती बैल फिरतात तो तिवडा उपटलेला नव्हता, नुसता कापला होता. आणि खुंट चांगला दोन बोटं वर होता.

मी दिरांना अर्ज करायला लावला. कचेरीत कारभाऱ्यांसमोर शेतकरी खाली बघत म्हणाला, तिवडा सामन्याआधीच उपटला होता. त्याचं बोलणं संपायच्या आत हेडमास्तरांनी मान डोलावली.

ह्यांनी डोळे वटारले, तरी मी पुढे झाले. "दादा, तिवड्याला नारळ कधी फोडलात?"

आमच्याकडे धान्य घरी गेलं की तिवड्याला नारळ फोडतात, मगच तो उपटतात. त्याआधी कुणी हात लावत नाही. तिवड्याबद्दल तो खोटं बोलला, पण नारळाबद्दल त्याची जीभ रेटेना.

"अजून न्हाई, बाई. थोरला भाऊ यायचाय." मग हळूच म्हणाला, "सामन्याआधी मास्तर उपटा म्हनत व्हते. म्या न्हाई म्हटलं, तवा कापायचं ठरलं."

तरीही मी कारभाऱ्यांना सांगून शिपाई पाठवून जागा उकरायला लावली. न जाणो, माघारी गेल्यावर बोलणं फिरायचं. खुंट निघाला. जागा शाळेने निवडली, तेव्हा ती बघून घेणं शाळेचंच काम, असं कारभाऱ्यांनी ठरवलं.

पुण्याला हेडमास्तर आमच्याबरोबर आले. डॉक्टरांच्या खोलीत पाय कसा मोडला ते तेच पुढे होऊन सांगू लागले. मी खुर्ची ओढून मध्ये बसले आणि मुलाला म्हटलं, "तू सांग."