उभ्यानं खो

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही वसईत फ्लॅट घेऊन राहायला आलो. मी मुंबईला फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. मुलगी पाचवीत. दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर तिचा खो-खोचा सराव असे. तिला सोडून मी पायरीवर बसायची आणि आठवड्याची भाजी निवडायची. शेजारी तशाच चार-पाच आया, सगळ्या नोकरी करणाऱ्या. दिवसभर धावपळ तर होतेच, मग वेगळा व्यायाम कशाला, असं आम्हाला वाटे. माझे गुडघे मात्र छत्तिशीतच कुरकुरायला लागले होते.

सराव घेणाऱ्या पीटीच्या बाई जवळच्याच पापडी गावच्या. पन्नाशी उलटलेली, पण पाठ ताठ. चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, आटोपून त्या सायकलवरून थेट मैदानात येत. एकदा त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एक गडी कमी आहे. कोण येतंय?"

आम्ही हसलो. मी म्हटलं, "बाई, मला धड उकिडवं बसवत नाही."

"मग उभ्यानं खो घ्या. तुमच्यापुरता नियम मी बदलते."

इतक्या सरळपणे सांगितल्यावर नाही म्हणवेना. गवारीची पिशवी बाजूला ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि गेले. दुसऱ्या धावेलाच धाप लागली. माझी मुलगी खो खो हसायला लागली. बाईंनी तिला दटावलं, "आईला हसायचं नाही. जा, मैदानाला दोन फेऱ्या मार!"

त्यानंतर मुलींचा सराव संपला की बाई एक तास आम्हाला देऊ लागल्या. आधी चालणं, मग सांधे मोकळे करणं, शेवटी खेळ. महिन्याभरात आम्ही नऊ जणी झालो.

मग मी दोन रविवार गेलेच नाही. घरची कामं उरकत नव्हती. तिसऱ्या रविवारी बाई दारात. नवरा पेपर वाचत बसला होता. बाईंनी त्यालाच विचारलं, "रविवारचा नाश्ता तुम्हाला जमेल का?"

तो गडबडला. "पोहे येतात मला."

"झालं तर! मग हिला पाठवा."

जिन्यात त्या मला म्हणाल्या, "माझी दोन्ही मुलं लहान असताना मीही नोकरीच करत होते. मुलींना पळवायचा मला पगार मिळायचा, म्हणून माझं शरीर टिकलं. तुम्हाला कोण पळवणार?" उत्तराची वाट न पाहता त्या खाली उतरल्या. त्यांना अजून दोन घरी जायचं होतं.

पुढच्या वर्षी नाताळच्या सुट्टीआधी बाईंनी मुली विरुद्ध आया असा सामना लावला. तोवर मी उकिडवी बसू लागले होते. आम्ही सपाटून हरलो. पण शेवटच्या डावात माझी मुलगी खांबाला वळसा घालत असताना मी झेप घेतली आणि तिच्या पाठीला माझा हात लागला.

"लागला नाही!" ती ओरडली.

"लागला," बाई म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

घरी येईपर्यंत ती फुगून माझ्या पुढेच चालत होती. दार उघडताच बाबांना म्हणाली, "आईनं मला बाद केलं!" तक्रार होती ती, पण पुढचा आठवडाभर वर्गात तिनं तीच सगळ्यांना सांगितली.