ॲक्सिलेटरवर पळणारी ढोलकी

"ताई, तुमची पेटी पिसाळली," असं म्हणून हरी मास्तरानं चादरीत गुंडाळलेलं मशीन माझ्या टेबलावर आदळलं. आत काहीतरी सुटं झाल्याचा आवाज आला.

"आधी वस्तू हळू ठेवायला शिका," मी म्हटलं. "मग सांगा काय झालं ते."

हा शाळेतला मास्तर नव्हे. कुंभिवलीला त्याची बेंजो पार्टी होती आणि तो स्वतः बेंजो वाजवायचा, म्हणून मास्तर. वरातीत पुढं टेंपो, टेंपोवर कर्णे, मागं नाचणारी माणसं, असा धंदा. आदल्या दिवशी भर दुपारी चौक गावाच्या बाजूला वरात होती. तिथं मशीनमधली ढोलकी मध्येच पळायला लागली आणि मग एकदम मेल्यासारखी झाली. नवरदेवाचे मामा नाचता नाचता एकमेकांच्या अंगावर पडले. ढोलकीवाला पिऊन आलाय, असं कोणीतरी ओरडलं. ढोलकीवाला नव्हताच. ढोलकीचा आवाज काढणारी ही पेटी होती.

"लोकं हसली ओ," मास्तर म्हणाला. "वरातीत पार्टीला हसली का धंदा संपला."

"दामू कुठं होता?"

"त्याला ताप. पार्टीतल्या येसूला बसवला पेटीपुढं. त्यानं बटन दाबलं न् बसला गप."

दामू माझा धाकटा भाऊ. याच पार्टीत तो हातानं ढोलकी वाजवायचा. पुढं एका कारखान्यात रोलरमध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. अंगठ्यावर ढोलकी वाजत नाही.

मी रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे. शिक्षण चौथीपर्यंत. लग्नाआधी एका रेडिओ कंपनीत लाइनवर बसून सोल्डरिंग केलं, मग टेस्टिंगला घेतलं. ती कंपनी बंद पडली तेव्हा खोपोलीत शिळफाट्याला टेबल टाकलं. बाई दुरुस्ती करते म्हणून लोक आधी बघायला यायचे, मग रेडिओ घेऊन यायचे.

दामूला एका जुन्या इंग्रजी मासिकात ताल देणाऱ्या मशीनचं सर्किट मिळालं. खालचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, आकृती येत होती. सामान मास्तरनं आणलं, म्हणून मशीन त्याचं. जोडलं मी. अट एकच होती. मशीनपुढं दामू बसणार.

असं मशीन चालतं कसं ते सांगते. आत एक सर्किट सारखे ठोके मोजत असतं. त्याला आम्ही क्लॉक म्हणतो. क्लॉक जलद तर लय जलद; ते कमीजास्त करायला बाहेर एक नॉब. ठोक्यांची घरं असतात आणि ज्या घरात डायोड नावाचा बारीक पार्ट लावला त्या ठोक्याला आवाज होतो. मासिकातला ताल साहेबाच्या नाचाचा होता. दामूनं मांडीवर थाप मारून आमच्या वरातीचा ताल सांगितला आणि मी त्याप्रमाणे डायोड हलवले. आवाजाचं सर्किट हे दुधासारखं असतं, उतू जायच्या बेतात ठेवायचं. ठोका बसला की ते 'टुंग' करून विझतं. प्रीसेट नावाचा बारीक स्क्रू फिरवून तो बेत साधायचा. कमी फिरवला तर डबा वाजतो, जास्त फिरवला तर आवाज विझतच नाही, भोंगा होतो.

"डबा," दामू म्हणायचा. मी फिरवायचे. "अजून डबा." फिरवायचे. "आता कुत्रं रडतंय." परत मागं. असं करता करता एक दिवस तो गप्प बसला. तेव्हा मी स्क्रूवर लाखेचा थेंब टाकला, म्हणजे तो हलत नाही.

तर ती पेटी आता माझ्यापुढं होती. उघडली. आदळल्यामुळे सुटलेली तार जोडली आणि एलिमिनेटरवर लावली. एलिमिनेटर म्हणजे घरातल्या विजेतून बॅटरीइतका करंट काढून देणारा डबा. पेटी सरळ वाजली. तासभर वाजत ठेवली. लय हलली नाही.

मग वाटलं, उन्हानं होत असेल. टेंपोत पेटी इंजिनाच्या झाकणावर ठेवायचे आणि मे महिन्यात ते झाकण तव्यासारखं तापायचं. सोल्डरिंगची कांडी एकेका पार्टजवळ नेऊन ऊब दिली. चिकटवायची नाही, नुसती जवळ धरायची. एका जागी लय जरा अडखळली. तिथला सोल्डरिंगचा टाका कच्चा निघाला. तो पक्का केला आणि पेटी परत दिली.

पुढच्या वरातीत तेच. मास्तर परत आला. या वेळी त्यानं पेटी हळू ठेवली, पण तोंड तसं नव्हतं.

"ताई, आता एकदाच बगतो. नायतर ही पेटी अडगळीत न् वडगावचा ढोलकीवाला आनतो. मंग दामूचं माज्याकडं काय काम नाय."

"मी येते टेंपोत," मी म्हटलं.

"वरातीत बाईमाणूस टेंपोत?"

"बाईमाणसानंच बनवलीय ती."

दामूचा ताप उतरला नव्हता. मी येसूशेजारी बसले, व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन. सपाटीला ढोलकी नीट. गावात शिरताना चढ लागला तशी ढोलकी पळाली. मागं पोरं खूश, म्हातारे धापा टाकतायत. वर देवळापाशी गाडी थांबली आणि ढोलकी मान टाकल्यासारखी झाली. टाका नाही, ऊन नाही. मला दुसराच संशय आला. नवरदेव देवळात गेला तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं,

"गजा, गाडी उभी ठेव न् रेस कर."

"उभ्या गाडीला रेस?"

"कर सांगते तर."

"करतो. तेल मास्तरचं, माजं काय जातंय."

त्यानं ॲक्सिलेटर दाबला. मीटरचा काटा वर सरकला आणि ढोलकी पळाली. पाय काढला तशी ढोलकी खाली आली.

गजा हसायला लागला. "म्हंजे आतापतूर सगळ्या वराती मीच नाचवल्या. मास्तरला सांगा, बेंजोवाल्याच्या आधी माजं नाव टाक."

कारण साधं होतं. पेटी टेंपोच्या बॅटरीवर चालायची. इंजिन जोरात फिरलं की बॅटरीचा व्होल्टेज चढतो. क्लॉकच्या नॉबला करंट थेट तिथूनच दिलेला होता. व्होल्टेज चढला की क्लॉकही चढायचं. माझ्या टेबलावर टेंपो नव्हता, म्हणून तिथं दोष दिसला नाही. मग इतक्या लग्नांत कोणाला का दिसला नाही, हा प्रश्न राहिला. घरी येताना त्याचंही उत्तर कळलं. दामू नसलेल्याच वराती फसल्या होत्या. सरळ दामूकडे गेले. तो गोधडी घेऊन पडला होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"काय?"

"गाडीच्या रेसवर लय चढते ते."

"पयल्या वरातीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू काय केलं असतंस?"

"दुरुस्त केलं असतं."

"म्हनून नाय बोललो."

त्यानं सांगितलं, गजा गियर बदलणार हे त्याला इंजिनाच्या आवाजावरून आधी कळायचं. चढ येण्याआधी तो डाव्या हातानं नॉब मागं घ्यायचा, उतारावर पुढं. मागं नाचणाऱ्याला काही कळायचं नाही. लोकांना वाटायचं तो नुसता बसून आहे. तो वाजवत होता.

"राहू दे गं बाय," दामू म्हणाला. "मास्तरला सांग, पेटीचा स्वभावच तसा हाय. दामूच लागतो तिला."

"उद्या परत ताप आला तर? मास्तर वडगावच्याला आणायला निघालाय."

"मंग कर नीट."

"केल्यावर तुझं काय?"

"ते मास्तरला इचार."

मी विचारलं. पेटी नीट करून देते, पण दामू तिथंच बसेल, हे आत्ताच सांगा. मास्तर म्हणाला, "ताई, दामू आमचा घरचा मानूस. त्याला कोन काढतोय?" चहा पाजला वर.

दुरुस्ती अवघड नव्हती. झेनर नावाचा एक डायोड असतो. तो व्होल्टेज एका पातळीच्या वर जाऊ देत नाही. विहिरीचं पाणी कितीही वाढो, पाटात तेवढंच यावं तसं. झेनर, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टन्स, एवढंच काम. पण क्लॉक पुन्हा लावावं लागणार होतं, कारण त्याचा व्होल्टेज बदलला होता. लय मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. दामू होता.

तो येऊन बसला आणि टेबलाच्या कडेवर डाव्या हातानं ठेका धरला. मी प्रीसेट फिरवत होते.

"मागं हाय."

फिरवलं.

"आता पुढं गेली. अर्धा केस मागं घे."

त्यानं मला चुकीची लय दिली असती तर मला कळलंही नसतं. पेटी वरातीत फसली असती आणि परत त्यालाच बसवावं लागलं असतं. तेवढी अक्कल त्याला होती. त्यानं बरोबर लय दिली. मी लाखेचा थेंब टाकला.

मग गजाकडून उभ्या टेंपोत रेस करून घेतली. काटा वर गेला, ढोलकी जागची हलली नाही. गजा म्हणाला, "माजी नोकरी गेली." दामू हसला नाही.

नंतर काही लग्नं दामू पेटीपुढं बसला. हात नॉबवर ठेवलेला, करायला काही नाही. मास्तर बेंजो वाजवता वाजवता ते बघत होता. लग्नसराई संपायच्या आत तो माझ्याकडे आला.

"ताई, पेटीला पायाचं स्विच लावता येईल? म्हंजे मीच चालू करीन, मीच बंद करीन."

"आणि दामू?"

"जागा कुठं हाय ताई टेंपोत? कर्न्यासाठी अजून एक बॅटरी घेतलीय ना."

"घरचा माणूस म्हणाला होतात."

"घरचाच हाय. जेवायला कधीबी येऊ दे."

मी स्विच लावलं नाही. त्यानं दुसरीकडून लावून आणलं. पुढं एकदा पेटी साफ करायला आली तेव्हा पाहिलं. चांगलं लावलं होतं, टाके स्वच्छ होते.

दामू एका गोडाऊनवर राखणीला लागला. मला तो कधी काही बोलला नाही. दिवाळीला यायचा, भाऊबीज घालायचा, जेवून जायचा. रेडिओ बिघडला तर मात्र कर्जतला नेऊन दुरुस्त करून घ्यायचा.

लोक विचारतात, तुम्हाला वाईट वाटलं का. दुरुस्तीला आलेली वस्तू अर्धवट ठेवायची मला सवय नाही. आजही मी ती तशीच दुरुस्त करीन. फरक पडला तो एवढाच. त्यानंतर कोणी बिघडलेलं काही आणलं, की पेचकस हातात घेण्याआधी मी विचारायचे, हे आतापर्यंत कोण सांभाळत होतं? गिऱ्हाईक चिडायचं. तुम्हाला काय करायचंय, म्हणायचं. विचारल्यानं दुरुस्ती वेगळी होत नाही. कोणाचं काम जाणार ते आधी कळतं, इतकंच. आणि कळूनही काही करता येत नाही.